मालोजीराजे, उमाबाई आणि विठोजी : इंदापुरात एक घर मोडता मोडता राहिलं

(ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित प्रत. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर मग' बरेचसे काढलेत. सगळे निघाले नाहीत.)



आजचा भाग माझ्या गावाकडचा आहे. मी इंदापूर तालुक्यातला. पुण्याहून सोलापूरकडं जाताना भिगवण मागं पडतं, डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसत राहतं आणि मग इंदापूर लागतं. बहुतेक लोक बायपासनं पुढं निघून जातात. गावात शिरलात तर जुन्या वस्तीत मातीची एक उंच गढी आहे. ती मालोजीराजांची गढी. तिथंच चाँदशाहवली बाबांचा दर्गा आहे. शाळेत असताना आम्ही त्या बाजूनं शेकडो वेळा गेलो असू. मालोजी कोण, असं मास्तरांनी विचारलं की सगळा वर्ग एका सुरात सांगायचा, "शिवाजी महाराजांचे आजोबा."

उत्तर बरोबरच आहे. पण त्या उत्तरानं माणूस संपतो. नातू मोठा निघाला की आजोबाला स्वतःचं आयुष्य उरत नाही. म्हणून आज आपण नातवाला जरा बाजूला ठेवू आणि आजोबाच्या घरात जाऊ. ते घर कुठून आलं, सोयरीक कुणाशी झाली, भाऊ कसा होता, आणि इंदापूरच्या लढाईत कर्ता माणूस पडल्यावर त्या घराचं काय झालं, हे बघू.

आधी पाटील, मग राजे

भोसल्यांची गोष्ट बखरींमध्ये नेहमी एकाच जागेवरून सुरू होते. मालोजी आणि विठोजी हे दोघे भाऊ सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांकडं नोकरीला असतात. शिमग्याचा सण असतो. बैठकीत छोटा शहाजी आणि छोटी जिजाऊ एकमेकांवर रंग उडवत असतात. लखुजी हसत म्हणतात, जोडा काय शोभतोय. मालोजी लगेच उभे राहतात आणि भरल्या सभेत सांगतात की ऐका मंडळी, जाधवराव आमचे व्याही झाले. मग घरातल्या बायका रागावतात, नोकराच्या पोराला मुलगी कशी द्यायची म्हणून. मालोजी अपमान गिळून वेरूळला परततात. तिथं देवी दृष्टांत देते, शेतात धन सापडतं. ते धन श्रीगोंद्याच्या शेषाप्पा नाईक पुंडे या सावकाराकडं ठेवलं जातं. त्या पैशावर घोडी घेतली जातात, निजामशहाकडून पाच हजारी मनसब मिळते आणि लग्न होतं.

गोष्ट झकास आहे. लहानपणी मला ती फार आवडायची. पण जरा थांबून एक प्रश्न विचारा. मालोजी खरंच कुणी गरीब बारगीर होते का?

इथं दोन शब्द समजून घेऊ. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकार किंवा सरदार देतो तो स्वार. शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येतो तो. त्या काळी या दोघांत मोठं अंतर होतं. आजच्या भाषेत, एक कंपनीच्या गाडीवरचा ड्रायव्हर आणि दुसरा स्वतःची गाडी लावणारा मालक.

मालोजींचे वडील बाबाजी भोसले. त्यांच्याकडं हिंगणी, बेरडी, देऊळगाव या गावांची पाटीलकी होती. वेरूळचीही पाटीलकी घराण्यात होती. हिंगणी-बेरडी आणि देऊळगाव ही नावं आमच्या भागात कुणाला परकी नाहीत, ती दौंडच्या बाजूची, भीमेच्या खोऱ्यातली. नागपूरच्या भोसल्यांना आजही 'हिंगणीकर भोसले' म्हणतात ते याच हिंगणीवरून. म्हणजे हे घर रिकाम्या हातानं वर आलेलं नाही. त्यांच्याकडं वतन होतं.

वतन आणि जहागीर यांतला फरक आजच्या भागाची चावी आहे, म्हणून नीट सांगतो. पाटीलकी हे वतन. ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं, भावांत वाटलं जातं, विकत घेता येतं, विकताही येतं. सुलतान बदलला तरी पाटील सहसा पाटीलच राहतो. जहागीर मात्र नोकरीच्या बदल्यात मिळते. अमुक परगण्याचा वसूल घ्या आणि त्यावर इतके स्वार बाळगा, असा तो हिशेब. नोकरी गेली की जहागीर गेली. माणूस मेला की ती त्याच्या पोराला मिळेलच असं नाही. दरबाराच्या मनात असेल तर मिळते.

वतनावर घर टिकतं, जहागिरीवर घर मोठं होतं. मालोजींनी दोन्ही जमवलं. निजामशाहीत त्यांना पुणे आणि सुपे हे परगणे मिळाल्याचं बखरी सांगतात. हे सुपे म्हणजे आपल्या बारामती तालुक्यातलंच सुपे. बारामतीहून मोरगावकडं जाताना वाट वाकडी केली तर लागतं ते.

फलटणची लेक

आता उमाबाईंबद्दल. मालोजींची पत्नी उमाबाई ही फलटणच्या नाईक निंबाळकरांची मुलगी. काही ठिकाणी त्यांचं नाव दीपाबाई असंही येतं.

बारामतीच्या दक्षिणेला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा आणि फलटण तालुका सुरू होतो. निंबाळकर हे तिथले देशमुख, भोसल्यांपेक्षा जुनं आणि वजनदार घराणं. मालोजी फक्त शिमग्यात अपमान झालेले गरीब नोकर असते, तर निंबाळकरांनी लेक दिली असती का? त्या काळी सोयरीक म्हणजे दोन घरांच्या पतीचा ताळेबंद असायचा. निंबाळकरांनी मुलगी दिली, यावरूनच भोसल्यांचं पाणी त्यांना माहीत होतं असं मला वाटतं. माझ्या मते शिमग्याची गोष्ट जन्मली ती लोकांना पुढं पडलेल्या प्रश्नातून. पाटलाचं घर दोन पिढ्यांत एवढं कसं चढलं? देवीचं धन हे त्याचं सोपं उत्तर. पाटीलकी, सावकाराची पत आणि फलटणची सोयरीक हे जरा कंटाळवाणं पण खरं उत्तर.

ही सोयरीक पुढंही तुटली नाही. शिवाजी महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब सईबाई फलटणच्याच निंबाळकर. आणि महाराजांची मुलगी सखुबाई दिली ती फलटणच्या महादजी निंबाळकरांना. आजी, सून आणि नात, तीन वेळा नीरेच्या या काठावरून त्या काठाला नातं जोडलं गेलं.

उमाबाईंना बरीच वर्षं मूल नव्हतं. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पीराला नवस केला आणि दोन मुलगे झाले, अशी परंपरा आहे. पीराच्या नावावरून थोरल्याचं नाव शहाजी आणि धाकट्याचं शरीफजी. एका नावाचे दोन तुकडे करून दोन पोरांना वाटले. त्याच मालोजींनी वेरूळच्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि शिखर शिंगणापूरला शंभूमहादेवाच्या डोंगरावर भाविकांचे पाण्याविना हाल होतात म्हणून मोठा तलाव बांधला. शिंगणापूरला कावड घेऊन गेलेल्यांना त्या डोंगरावर पाण्याची काय किंमत आहे ते सांगायला नको. नवस पीराला, तलाव महादेवाला. घरातल्यांना यात काही विसंगत वाटत होतं असं कुठं दिसत नाही.

शरीफजी हे नाव फार लांब गेलं. शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी तंजावरला राज्य करू लागले, आणि त्यांच्या वंशात 'सरफोजी' नावाचे राजे झाले. ते सरफोजी म्हणजे आपला शरीफजीच. नगरच्या पीराचं नाव कावेरीच्या काठी पोहोचलं. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजींनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो भलामोठा लेख आजही तिथं आहे.

इंदापूरच का?

नकाशा काढा. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला भीमा आहे आणि दक्षिणेला नीरा. दोन्ही नद्या तालुक्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला, एकमेकींना मिळतात. म्हणजे आमचा तालुका हे दोन नद्यांमधलं निमुळतं जिभेसारखं रान आहे.

त्या काळी हे रान दोन राज्यांच्या सीमेवर होतं. उत्तरेकडून नगरची निजामशाही, दक्षिणेकडून विजापूरची आदिलशाही. सीमेवरच्या परगण्यात पीक एकाचं आणि वसूल दुसऱ्याचा, असं व्हायला वेळ लागायचा नाही. त्यात १६०० साली चाँदबीबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. पण मलिक अंबरनं घराण्यातला एक वारस परांड्याला गादीवर बसवला आणि राज्य पुन्हा उभं केलं. परांडा आमच्यापासून लांब नाही, भीमेपलीकडं पूर्वेला. राज्याचं केंद्रच सरकून इकडं आल्यावर इंदापूरच्या रानाला महत्त्व येणारच.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून कवींद्र परमानंदानं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य रचलं. त्याची पोथी तंजावरला सापडली आणि स. म. दिवेकरांनी ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात मालोजींच्या मृत्यूची जागा स्पष्ट दिली आहे. निजामशहाच्या बाजूनं लढताना ते इंदापूरला पडले.

साल मात्र पुस्तकागणिक वेगळं दिसेल. कुठं १६०५-०६, तर कुठं १६२० च्या आसपास. हा नुसता आकड्यांचा वाद नाही. शेवटचं साल धरलं तर शहाजीराजे तेव्हा मिशा फुटलेले, स्वतः लढणारे गडी ठरतात. पहिलं साल धरलं तर ते लहान पोर ठरतात. शिवभारत दुसरी बाजू घेतं. वडील गेले तेव्हा पोरं लहान होती, असं ते सांगतं. मी पुढचं जे बोलणार आहे ते शिवभारताला धरून.

विठोजी

आता त्या घरात काय परिस्थिती असेल बघा. कर्ता माणूस लढाईत गेलाय. दोन पोरं लहान. विधवा बाई, माहेर नदीपलीकडं. वतनाला धक्का नाही, पण जहागीर दरबाराच्या मर्जीवर. आणि घरात दुसरा एक पुरुष आहे. सख्खा दीर, स्वतः कसलेला सरदार. त्याला स्वतःचे आठ मुलगे.

आठ. संभाजी, खेळोजी, मालोजी, मंबाजी, नागोजी, परसोजी, त्र्यंबकजी, काकाजी. त्यातल्या एकाचं नाव भावाच्याच नावावरून मालोजी.

या जागी विठोजींनी भावाचे परगणे स्वतःच्या नावावर करून घेतले असते तर कुणाला नवल वाटलं नसतं. निजामशहाला स्वार हवे होते. ते पाच-सहा वर्षांचं पोर देणार नव्हतं, विठोजी देणार होते. पण शिवभारत सांगतं की जहागीर शहाजीच्या नावे राहिली आणि विठोजींनी पुतण्यांचा सांभाळ करून कारभार पाहिला.

मी हा भाग का करतोय ते आता सांगतो.

माझे वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. आमची थोडी बागायत उजनीच्या पाण्यावर, थोडी जिरायत. सातबाऱ्यावर वडिलांच्या जागी माझं नाव लागलं आणि त्याच्यापुढं तीन अक्षरं, अ.पा.क. म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता'. आणि पुढं माझ्या थोरल्या चुलत्यांचं नाव. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णांना स्वतःची तीन मुलं. माझ्या वाट्याच्या उसाचं बिल दरवर्षी ते वेगळं लिहून ठेवायचे, आईला दाखवायचे. अठरा पूर्ण झाल्यावर मला तलाठ्याकडं घेऊन गेले आणि स्वतःचं नाव कमी करायचा अर्ज स्वतःच्या हातानं दिला. घरी येताना मोटरसायकलवर काही बोलले नाहीत. मीही नाही बोललो. तेव्हा मला ते सरकारी काम वाटलं होतं.

अण्णा या उन्हाळ्यात गेले. नंतर शिवभारताची पानं चाळताना विठोजीवर येऊन मी थांबलो. मराठ्यांच्या इतिहासातला हा अ.पा.क. आहे. त्याच्या नावाचं पाटीसुद्धा आमच्या तालुक्यात माझ्या बघण्यात नाही.

आणि मग भावकी

इथं थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण अर्धी राहील.

शहाजी मोठे झाले, लखुजी जाधवरावांच्या जिजाऊंशी लग्न झालं. भोसले आता जाधवांच्या बरोबरीला आले. आणि एके दिवशी निजामशाही दरबार सुटताना खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. त्याला आवरायच्या गोंधळात जाधव आणि भोसले समोरासमोर आले. लखुजींचा मुलगा दत्ताजी विठोजींच्या थोरल्या संभाजीच्या हातून मारला गेला. चिडलेल्या लखुजींनी संभाजीला मारलं. शहाजीराजे जखमी झाले. जिजाऊंच्या बाजूनं बघा. एका दिवसात सख्खा भाऊ गेला, तो चुलत दिराच्या हातून, आणि तो दीर गेला वडिलांच्या हातून. शिमग्याच्या गोष्टीतल्या त्या रंगाचा शेवट असा झाला.

१६२४ मध्ये नगरजवळ भातवडीची लढाई झाली. मलिक अंबरनं तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मुघल व आदिलशाहीच्या एकत्र फौजांना हरवलं. शहाजीराजे तिथं गाजले. विठोजींची मुलंही त्यांच्या बरोबर लढली. पण धाकटा शरीफजी त्याच लढाईत पडला. मालोजी-उमाबाईंच्या दोन मुलांपैकी एकच उरला.

भातवडीनंतर घर फुटलं. शहाजीराजे विजापूरकडं गेले, त्याचं एक कारण चुलतभावांशी बिनसलं असं सांगतात. १६२९ मध्ये लखुजींना निजामशहानं दौलताबादला दगा देऊन मारलं. खेळोजी मुघलांकडं गेले. मंबाजी तर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाच्या फौजेत होते, म्हणजे सख्ख्या चुलतभावाच्या मुलावर चालून आले होते. ज्या विठोजींनी शहाजींचं घर राखलं, त्यांचाच मुलगा.

सुप्यालाही हेच. शहाजीराजांची दुसरी पत्नी तुकाबाई मोहिते, त्यांचे भाऊ संभाजी मोहिते सुप्याचा कारभार बघत होते. महाराजांना ते सावत्र मामा. सभासद बखर म्हणते की शिमग्याचं पोस्त मागायचं निमित्त करून महाराज सुप्याला गेले आणि मामांना कैद करून परगणा ताब्यात घेतला. मालोजींना मिळालेलं सुपे नातवाकडं आलं, पण घरातल्या माणसाला बाजूला करून.

एका घराच्या तीन पिढ्यांत हे सगळं आहे. परगणा भावाच्या पोरासाठी राखून ठेवणारा माणूस आहे, आणि त्याच माणसाची पोरं पुढं वेगळ्या झेंड्याखाली उभी आहेत. यात विठोजी हरले असं मला वाटत नाही. त्यांनी स्वतःच्या हातात होतं तेवढं केलं. पुढच्या पिढीच्या वतीनं कुणाला वागता येत नाही. पण इंदापूरला मालोजी पडले त्या वर्षी विठोजी वेगळं वागले असते, तर शहाजी नावाचा जहागीरदार झाला नसता. पुढचं तुमचं तुम्ही जोडा.

जाता जाता

इंदापूरला आलात तर बायपासनं जाऊ नका. गढीकडं चक्कर मारा. सकाळी जा, उन्हाचा ताप फार असतो. तिथनं पुढं नरसिंहपूरचा संगम बघा, म्हणजे दोन नद्यांमधलं ते रान डोळ्यात भरेल. परतताना बारामतीकडनं सुप्याला जा. एका दिवसात मालोजींचं सगळं दक्षिण टोक बघून होतं.

आणि एक. अण्णा गेल्यावर आमच्यात वाटपाची बोलणी सुरू झालीत. विहिरीच्या पाळीवरून मागच्या महिन्यात थोरल्या चुलतभावाशी माझं वाजलं, दोन आठवडे बोलणं बंद होतं. या भागाची टिपणं काढून झाली त्या रात्री मी त्याला फोन केला. पाळीचं अजून मिटलं नाही. पण अण्णांची ती उसाच्या बिलांची वही त्याच्याकडं आहे, रविवारी ये आणि घेऊन जा म्हणाला.

तुमच्या घरात कुणी विठोजी असेल तर कमेंटमध्ये लिहा. नाव नका टाकू, नातं टाका, तेवढं पुरे.

भेटू पुढच्या भागात. राम राम.